उसनी अहोबाई

तो कवळ्या बनवायचा. गल्लीत सगळे त्याला कवळीवालाच म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. तळमजल्यावर त्याची लहानशी लॅब होती. एक लांब टेबल, मेण वितळवायचा दिवा, पॉलिशचं चाक, आणि हात लावाल तिथे प्लास्टरची पांढरी धूळ. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे त्याच्याकडे पाठवत. त्या ठशात प्लास्टर ओतून तो जबडा काढायचा, मेणात एकेक दात रोवून बघायचा, आणि मग घासूनपुसून कवळी डबीत घालून परत पाठवायचा. ज्यांच्या तोंडात ती जायची ती माणसं त्याला कधी दिसत नसत. कोपऱ्यावरचा चष्मेवाला त्याला म्हणायचा, "तुमचं बरं आहे बुवा. हसतील त्याचे दात दिसतील, आणि दिसले की ते तुमचेच!"

लग्न त्याने केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायचा, जसं एखादं बिल भरायचं राहून जावं. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याचं पहिलंच वाक्य घशात अडकायचं, आणि तो दुसरं शोधेपर्यंत विषय बदललेला असायचा. पण लिहायला बसला की गडी वेगळाच. अक्षरं टाइप करताना त्याला कुणी थांबवत नसे, कुणी मधेच तोडत नसे.

म्हणून तर तो त्या गोष्टीत गेला. इंटरनेटवर काही मंडळी मिळून एक गोष्ट लिहीत होती. गोष्टीचं नाव होतं 'शेवटचा थांबा'. जिथे बसचा रस्ता संपतो तिथलं एक जुनं लॉज, आणि तिथे अडकून पडलेली माणसं. प्रत्येकाने आपापलं पात्र आणायचं, त्याचं सगळं आपणच लिहायचं: ते काय बोललं, त्याने काय केलं, रात्री कुशीवर वळून कशाचा विचार केला. दुसऱ्याने आपल्या पात्राकरवी उत्तर द्यायचं. असं करत गोष्ट पुढे सरकायची. कुणीही येऊन वाचावी, खाली अभिप्राय द्यावा, गोष्ट लिहायची मात्र सभासदांनीच. नियम मोजके होते, पण कडक. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी आपण शब्द घालायचे नाहीत. त्याला विचारल्याशिवाय त्याच्या पात्राला हात लावायचा नाही, मारायचं तर मुळीच नाही. आणि स्वतःचं पात्र नको झालं तर ते दुसऱ्याला सोपवता येत असे.

हे सगळं सांभाळायची एक निवृत्त शिक्षिका. तिथे ती 'तिसरी घंटा' या नावाने वावरायची. एक 'रिकामटेकडा' होता, त्याची पात्रं सतत भांडायची. एक 'उंटावरचा' होता, तो दिवसातून चारदा सल्ले द्यायचा. आपल्या कवळीवाल्याने नाव घेतलं 'अक्कलदाढ'.

त्याचं पहिलं पात्र साफ पडलं. त्याने एक निवृत्त सैनिक आणला होता. उंच, देखणा, खांद्यावर जुनी जखम, कमी बोलणारा, आणि येत नाही असं काहीच नाही. घोड्यावर बसतो काय, बंद पडलेलं इंजिन सुरू करतो काय! तो दिवाणखान्यात येऊन उभा राहायचा आणि बाकीची पात्रं त्याला वळसा घालून आपल्या गप्पा पुढे न्यायची. शेवटी तिसऱ्या घंटेने त्याला खासगीत लिहिलं, "तुमच्या माणसाला कुणाची गरजच नाही हो. मग त्याच्याशी कुणी का बोलावं? त्याचं काहीतरी अडू द्या."

त्याला ते पटलं. मग त्याने लॉजचा एक हमाल केला, सगळ्यांच्या बॅगा चुकीच्या खोलीत नेऊन ठेवणारा. तो बरा चालला. पण 'वा' म्हणावं असं काही त्याच्या हातून उतरत नव्हतं. इतरांची पात्रं गाजायची आणि हा आपला बॅगा उचलायचा.

याच सुमारास त्याची थोरली बहीण त्याच्याकडे राहायला आली. भावोजी गेले होते. आधी महिनाभर ताई मुलीकडे राहिली, पण जावयाच्या घरात तिला सारखं पाहुणीसारखं वाटायचं. "तुझ्याकडे मला निदान भांडी तरी आदळता येतील," असं म्हणत ती दोन बॅगा घेऊन लॅबच्या वरच्या खोल्यांत आली. आतली खोली त्याने तिला दिली.

भावोजी लिफ्टचे मेकॅनिक होते. शांत माणूस. ताई बोलायची आणि ते ऐकायचे, असा तो संसार. त्यामुळे ते गेल्यावर ताईचं बोलणं थांबलं नाही, एवढंच की आता ते ऐकायला समोर कुणी नव्हतं. सकाळी लॅबमध्ये उतरण्याआधी त्याला आतल्या खोलीतून तिचा आवाज यायचा. "अहो, किती वेळा सांगायचं तुम्हाला?" सुरुवातीला तो दचकायचा. मग सवय झाली.

एकदा जेवताना तिने त्याचं मनगट धरलं.

"धाकट्या, तुला एक सांगू? हसणार नाहीस ना?"

"नाही गं."

"हे रोज अंघोळ झाली की ओला टॉवेल पलंगावर टाकायचे. आयुष्यभर. मी आयुष्यभर ओरडले त्यावरून. आता... आता मीच टाकते. सकाळी टॉवेल भिजवते, पिळते, आणि पलंगावर त्यांच्या बाजूला टाकते. आणि मग ओरडते. त्याशिवाय दिवस सुरूच होत नाही रे."

तिने धरलेलं मनगट त्याने सोडवून घेतलं नाही.

"मला वेड लागलंय असं समजू नकोस. पण कुणाला सांगू नकोस. पोरीला तर अजिबात नाही, ती लगेच डॉक्टरकडे नेईल मला."

"नाही सांगणार," तो म्हणाला. आणि त्या क्षणी ते खरंच होतं.

त्या आठवड्यात 'शेवटचा थांबा' मरगळला होता. रिकामटेकड्याची भांडणं जुनी झाली होती, नवीन कुणी येत नव्हतं. तिसऱ्या घंटेने सगळ्यांना विनवलं, कुणीतरी लॉजमध्ये जीव आणा. कवळीवाला संध्याकाळी संगणकासमोर बसला. त्याने ठरवून काही केलं नाही, असं तो पुढे स्वतःला बरेच दिवस सांगत होता. बोटं चालत गेली आणि लॉजच्या दारात एक बाई उभी राहिली. जाडजूड, नाकावर चामखीळ, हातात दोन छत्र्या. एक आपली, एक 'ह्यांची'. तिने दोन माणसांची खोली मागितली. "दुसरे पाहुणे कधी येणार?" असं विचारल्यावर तिने शेजारच्या रिकाम्या हवेकडे वळून म्हटलं, "अहो, ऐकलंत? तुम्ही दिसतच नाही यांना!"

मंडळी अक्षरशः लोळली. 'हहपुवा', 'हहपुवा' असे संदेश येत राहिले. हसून हसून पुरेवाट. रिकामटेकड्याने त्याच दिवशी तिचं नाव 'अहोबाई' ठेवलं. दुसऱ्या दिवशी कवळीवाल्याने टॉवेल लिहिला. भिजवलेला, पिळलेला, पलंगावर टाकलेला, आणि मग त्यावरून झालेलं एकतर्फी भांडण, सगळ्या लॉजला ऐकू जाईल अशा आवाजात. तिसऱ्या घंटेने लिहिलं, "अक्कलदाढ, एवढे दिवस कुठे लपवून ठेवली होतीत ही बाई?"

माणसाला कौतुकाची सवय नसली की पहिला घोट फार चढतो. दिवसभर प्लास्टर घोटताना तो मनातल्या मनात ते संदेश पुन्हा वाचायचा. लोक त्याच्या शब्दांवर हसत होते, आणि ते बघायला त्याला त्यांच्यासमोर उभं राहावं लागत नव्हतं. मनाला टोचलं की तो म्हणायचा, मी नाक बदललंय, अंग बदललंय, छत्र्या तर ताईच्या नाहीतच. कुठे ओळखणार कोण?

पण अहोबाईला रोज काहीतरी नवीन लागायचं. आणि नवीन एकाच ठिकाणी मिळत होतं. म्हणून तो जेवताना विचारू लागला.

"मग भावोजी काय म्हणायचे अशा वेळी?"

ताई हातातला घास तसाच धरून बघत राहिली. ते गेल्यापासून त्यांच्याबद्दल तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. लोक विषय टाळायचे, मुलगी तर 'जाऊ दे ना आई' म्हणायची. आणि इथे तिचा घुमा भाऊ स्वतःहून विचारत होता. ती सांगत सुटली. ते घोरताना शिट्टी कशी वाजायची, पाहुणे नको असले की मुद्दाम झोपेचं सोंग कसं घ्यायचे, तिच्या वाढदिवसाला दर वर्षी चुकीच्या मापाच्या चपला कशा आणायचे. सांगता सांगता ती खुलायची. तिच्या गालांवर रंग येऊ लागला. एकदा ताट उचलताना ती म्हणाली, "तुझ्याकडे आले ते बरं झालं. तू ऐकतोस तरी."

तो हात धुवायला उठला. वर आरशात बघायचं त्याने टाळलं. पण घोरण्याची शिट्टी त्या संध्याकाळी लॉजमध्ये वाजली, आणि चपला त्याच्या पुढच्या आठवड्यात आल्या.

असे बरेच दिवस गेले. मग एका रविवारी दुपारी भाचीचा फोन आला. ती दर रविवारी करायची आणि ताई फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलायची, म्हणजे मामालाही ऐकू जावं. कवळीवाला समोर बसून पंख्याचं बटण दुरुस्त करत होता.

"आई, तुला एक गंमत वाचून दाखवते," भाची म्हणाली. "आमच्या ऑफिसात सगळे वाचतात. एक गोष्ट आहे, खूप जण मिळून लिहितात. त्यात एक बाई आहे, थांब, ऐकच तू. अगदी आपल्या घरातलाच टॉवेल वाटेल तुला."

कवळीवाल्याच्या हातातला स्क्रू टेबलाखाली गेला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. वर भाची वाचत होती. वाचताना तिला इतकं हसू येत होतं की वाक्यं तुटत होती. "'बाईंनी टॉवेल... बाईंनी टॉवेल नीट पिळला, कारण ह्यांनाही गादी ओली झालेली आवडत नसे...' आई, बाबा आठवले की नाही? ती बाई स्वतःच टाकते टॉवेल आणि स्वतःच भांडते! काय डोकं आहे लिहिणाऱ्याचं!"

ताई पहिल्या दोन ओळींना हसली होती. मग ती हसायची थांबली. टेबलाखालून त्याला फक्त तिचे पाय दिसत होते. ते हलत नव्हते.

"छान आहे," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "कोण लिहितं गं हे?"

"खरी नावं नसतात तिथे. कुणीतरी अक्कलदाढ म्हणून आहे."

त्याला वर यावंच लागलं. ताई त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती, नखांच्या कडेला बसलेल्या पांढऱ्या प्लास्टरकडे. मग तिने मुलीला "जेवलीस का, जपून राहा" एवढं सांगून फोन ठेवला. उठून आत गेली, पलंगावरचा टॉवेल उचलला, गॅलरीत नेऊन दोरीवर नीट वाळत घातला, चिमटे लावले. आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आवाज नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ताई उठायची, कामं करायची, त्याचं ताट वाढायची. मीठ हवंय का, दूध संपलंय, एवढंच बोलायची. पण आतल्या खोलीतून 'अहो' आलं नाही. लॅबमध्ये बसून तो कान देऊन ऐकायचा. वरून फक्त नळाचा आवाज यायचा.

शेवटी त्यानेच तोंड उघडलं. ती भांडी विसळत होती.

"ताई, मी नाव नव्हतं दिलं. सगळं बदललं होतं गं. नाकावर चामखीळ..."

"चामखीळ," ती म्हणाली, पाठमोरीच.

"म्हणजे, कुणाला कळणार नाही असंच..."

"मला कळलं की." तिने नळ बंद केला. "किती लोक हसले रे?"

उत्तर त्याच्याकडे होतं. पण ते सांगण्यापेक्षा जीभ चावलेली बरी.

"मला हसले त्याचं काही नाही," ती म्हणाली. "मी पहिल्यापासून हसण्यासारखीच आहे. पण आता मला टॉवेल टाकता येत नाही. परवा भिजवला होता मी. हातात घेतला आणि मला माझी मुलगी हसताना ऐकू आली. पलंगापाशी उभी राहिले आणि वाटलं, हे काय थोतांड मांडलंय मी? तसाच बादलीत टाकला." मग ती वळली. "तू विचारायचास ना, भावोजी काय म्हणायचे म्हणून. मला वाटलं, याला आठवण येते त्यांची."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं. माफी मागायला म्हणून तो आला होता आणि मागायचे शब्दच त्याला तोंडातून काढवेनात. जे सुचत होते ते सगळे लिहिल्यासारखे, घोटीव वाटत होते. त्याने शेवटी वेड्यासारखं काहीतरी म्हटलं. म्हणाला, "उद्याच मारून टाकतो तिला. ती लॉजच्या जिन्यावरून पडते. विषय संपला."

"मार," ताई म्हणाली. "म्हणजे दोघंही गेले."

ती हात पुसत बसली. मग म्हणाली, "ती मला दे."

"काय?"

"ती बाई. तुमच्यात असं देता येतं का कुणाला?"

येत होतं. त्याने तिसऱ्या घंटेला कळवलं की अहोबाईला आपण एका नवीन सभासदाकडे सोपवत आहोत, कामाचा ताण वाढला आहे. ताईसाठी खातं उघडलं. "नाव काय घालू?" विचारल्यावर ती म्हणाली, "काहीही घाल, नावात काय आहे." त्याने 'थोरली' घातलं. रोज दुपारी ती त्याच्या संगणकापुढे बसायची, चष्मा कपाळावरून खाली घ्यायची आणि एका बोटाने अक्षरं शोधायची. तो त्या वेळी खाली लॅबमध्ये जायचा.

तिने पहिल्यांदा लिहिलं ते असं होतं. 'ती सकाळी उठली. तिने खिडकी उघडली. त्यांना खिडकी उघडी लागायची. बाहेर ऊन होतं. तिने चहा केला. एक कप.'

पुढच्या दिवशीही तेच. ती उठली, तिने केर काढला, ती बसली. कुणाशी बोलली नाही. रिकाम्या खुर्चीकडे वळली नाही. दोन छत्र्या कपाटात गेल्या. इतरांची पात्रं तिच्या खोलीचं दार वाजवायची, तिला डिवचायची, "काय अहोबाई, आज 'अहो' कुठे गेले?" आणि थोरली लिहायची, 'तिने दार उघडलं. ती म्हणाली, ते वारले आहेत.'

आठवड्याभरात कुरकुर सुरू झाली. उंटावरच्याने पात्र कसं जिवंत ठेवावं यावर लांबलचक सल्ला दिला. रिकामटेकड्याने सरळ सगळ्यांसमोर लिहिलं, "नवीन बाईंनी एका झकास पात्राची वाट लावली आहे. अक्कलदाढ, घ्या हो तिला परत." त्याखाली चौघापाचांनी होकार भरला.

कवळीवाल्याने ते वाचलं. ताईनेही वाचलं असणार, कारण ते तिच्याच पानावर होतं. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि दुसऱ्या दिवशी तशीच चष्मा खाली घेऊन बसली. त्याने मात्र त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. रागाने नव्हे. 'घ्या हो तिला परत' हे वाचताना त्याला आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. ताईचं लिखाण त्यालाही कंटाळवाणं वाटत होतं. तिची वाक्यं वाचताना त्याचे हात शिवशिवायचे, इथे एक शब्द बदलला असता, इथे खुर्चीकडे वळवली असती तर! सख्ख्या बहिणीचं दुःख समोर मांडलेलं आणि आपण त्यात मजा नाही म्हणून हळहळतोय, हे लक्षात आलं तेव्हा तो कवळी घासता घासता थांबला. चाक तसंच फिरत राहिलं.

त्या दिवशी त्याला वाटलं, आता खरं काय ते सांगून टाकावं. निदान ताईचा अपमान तरी थांबेल. त्याने एका बैठकीत लिहून काढलं. अहोबाई ही आपली कल्पना नव्हे. ती जिवंत बाई आहे, आपली सख्खी थोरली बहीण. टॉवेल खरा आहे. तिने तो विश्वासाने सांगितला होता आणि आपण तो हशासाठी विकला. आज जी लिहिते आहे ती तीच. तिला नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपल्याला ठेवावीत.

लिहून सगळ्यांसमोर टाकल्यावर त्याला हलकं वाटलं. पुढचे दोन तास काहीच आलं नाही. आणि मग धरण फुटल्यासारखं आलं. रिकामटेकड्याने पानभर माफी मागितली. एकीने आपल्या गेलेल्या आईबद्दल लिहिलं. कुणी लिहिलं की आपण ऑफिसात बसून रडतो आहोत. उंटावरच्याने दुःखातून बाहेर येण्याचे उपाय सुचवले. थोरलीच्या नावावर फुलांची चित्रं, हात जोडल्याची चित्रं, 'तुम्ही किती धीराच्या आहात', 'आम्ही तुमच्यासोबत आहोत'. आणि त्या गर्दीत भाचीचाही एक संदेश होता, खऱ्या नावाने लिहिलेला. फक्त 'आई?' एवढाच.

ताई दुपारी बसली. तो या वेळी मुद्दाम वरच थांबला होता. तिला बरं वाटेल, ती काहीतरी म्हणेल, असं त्याच्या मनात होतं. तिने खालपर्यंत वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला विचारलंस?"

"ते लोक तुला वाटेल ते बोलत होते. मला राहवेना."

"मला विचारलंस का रे, हे सांगू का म्हणून?"

त्याने पडद्यावरच्या फुलांच्या चित्रांकडे बघितलं.

"आधी हसत होते. आता रडतायत. मला काय फरक पडला? तेव्हाही तूच सांगितलंस, आताही तूच. आणि पोरीला सांगू नकोस म्हटलं होतं ना मी?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे ते जास्त लागत होतं. "तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, धाकट्या. मी आपली एक कप चहा करत होते. वाईट लिहीत होते, माहीत आहे मला. पण ते लोक वाईटाला वाईट म्हणत होते, तेच बरं होतं. आता मी काहीही लिहिलं तरी वा वा म्हणतील."

आगीतून काढून त्याने बहिणीला फुफाट्यात घातलं होतं, आणि तेही स्वतःचं मन हलकं व्हावं म्हणून. हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि त्याची मान खाली गेली ती वर येईना.

भाचीचा फोन येत राहिला. ताईने तो आतल्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. काय बोलणं झालं ते त्याला कळलं नाही. पुढच्या रविवारी भाची स्वतः आली. आईजवळ बसली, मामाशी जेवढ्यास तेवढं बोलली आणि जाताना दारात त्याला म्हणाली, "मामा, मीसुद्धा हसले रे. मला तू हसायला लावलंस." त्याला वाटलं, तिने चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

ताईने अहोबाईबद्दल शेवटचं लिहिलं ते चार ओळींचं होतं. 'तिने बॅग भरली. खोलीचे पैसे दिले. एक छत्री तिथेच ठेवली, कुणाला लागली तर. सकाळच्या बसने ती निघाली. निरोप द्यायला कुणी येऊ नये असं तिने सांगितलं होतं.'

दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही हा नियम होता, म्हणून कुणी आलं नाही. कवळीवाल्याच्या हमालाने फाटकापर्यंत तिची बॅग न्यावी असं त्याने लिहिलं होतं. एकदाच तो हमाल बॅग बरोबर ठिकाणी पोहोचवणार होता. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. इथेही आपल्याला शेवटचं वाक्य हवंय! त्याने ते पुसून टाकलं. थोड्या दिवसांनी हमालही त्याने तिसऱ्या घंटेकडे सोपवला आणि 'अक्कलदाढ' हे खातं बंद केलं.

ताई त्याच्याकडेच राहिली. जायचं तर कुठे, हा एक भाग. पण रागातही तिने त्याचं ताट कधी उशिरा वाढलं नाही. समोरच्या इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईशी तिची ओळख झाली. दुपारी ती तिच्याकडे जाऊन बटणं लावू लागली. लॅबच्या खिडकीतून त्याला त्या दोघी दिसायच्या. ताई हातवारे करून काहीतरी सांगत असायची आणि शिवणवाली मशीन थांबवून ऐकायची. काय सांगतेय ते इथवर येत नसे. घरी आल्यावर ती भाजी आणि पाणी यापलीकडे जात नसे, आणि तोही काही विचारत नसे. विचारायचा हक्क आपण गमावलाय, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

बऱ्याच महिन्यांनी, जेवताना लिफ्टचा विषय निघाला. ताईच्या डॉक्टरांच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली होती आणि ताई चार मजले चढून आली होती. गुडघे चोळत ती बोलता बोलता बोलून गेली, "ह्यांचं बरं होतं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः एकदाही लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही."

"काय सांगतेस?"

"अरे, खरंच! काम करायचे ते वरून, नाहीतर खालून. पण आत उभं राहून वर जायचं म्हटलं की जिना. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा मला साहेबांच्या घरी घेऊन गेले, आठवा मजला. मी नवीन चपला घालून आणि हे मला म्हणतात, तू लिफ्टने जा, मी जिन्याने पोहोचतोच. मी वर जाऊन एकटी साहेबांच्या दारात उभी! साहेब विचारतात, नवरा कुठेय? मी म्हटलं, येतोय, वाटेत आहे!"

ती हसू लागली. तोही हसला. खूप दिवसांनी त्या टेबलावर दोघं हसत होते. आणि हसता हसताच त्याच्या डोक्यात ते सुरू झालं. दारात उभी असलेली नवी नवरी. 'वाटेत आहे.' ते वाक्य कुठे ठेवायचं, त्याआधी किती थांबायचं, साहेबाच्या अंगात काय घालायचं.

ताई हसायची थांबली होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"लिहितोयस ना?"

त्याने हातातला चमचा खाली ठेवला. खोटं बोलणं सोपं होतं. खातं बंद होतं, कुठे लिहायलाही जागा उरली नव्हती.

"हो," तो म्हणाला. "मनातच. पण हो."

"बरं," ती म्हणाली. रागावली नाही. तिने त्याच्या ताटात भाजी वाढली, मग आपल्या. "का जात नव्हते ते लिफ्टने, ते मला एकदा सांगितलं होतं त्यांनी. लग्नानंतर किती वर्षांनी."

तो वाट बघत राहिला. ताई जेवत राहिली. भाजीत मीठ जरा जास्त झालंय, असं ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.